डाव्या हाताचा नाद

घरात नवी वस्तू आली की ती कुठे ठेवायची यावर आपल्याकडे पुष्कळ खल होतो. देवघर ईशान्येला हवे, चूल आग्नेयेला हवी, आरसा दारासमोर नको. प्रत्येक घरात याबाबतचा एक तरी जाणकार असतो. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, हे दुकानातला पोऱ्याही बजावून सांगतो. पण एका वस्तूची जागा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. ती म्हणजे सबवूफर. टीव्हीबरोबर नाहीतर म्युझिक सिस्टिमबरोबर हा काळा चौकोनी खोका घरात येतो. बरोबरचे छोटे स्पीकर देखणे, म्हणून ते शोकेसवर जाऊन बसतात. हा मात्र जिथे जागा उरेल तिथे, म्हणजे बहुधा कोपऱ्यात, सोफ्याच्या आड किंवा पलंगाखाली चपलांच्या सोबतीला जातो. गंमत अशी की, जागा दोन हात इकडची तिकडे केल्याने खरोखर फरक पडेल अशी घरातली वस्तू हीच!

मी राहतो ते बेलापूर नवी मुंबईतले नव्हे. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी आमचे गाव आहे. रेल्वेने ज्या स्टेशनाला बेलापूर नाव दिले तेही गावात नाही, काही मैलांवर श्रीरामपुरात आहे. नावाचे एक ठिकाण आणि वस्तूचे दुसरे, याची आम्हाला सवय आहे. गावात दोन तऱ्हेची घरे दिसतात. जुन्या गल्ल्यांतून जाड भिंतींची, माळवदाची घरे अजून तग धरून आहेत आणि बाकी सगळीकडे स्लॅबची घरे झाली आहेत. एकच यंत्र या दोन घरांत लावून पाहावे. माळवदाच्या घरात ते गाते आणि स्लॅबच्या खोलीत पुष्कळदा नुसते धपधपते. यंत्र तेच, गाणे तेच, मग बिघडते काय? उत्तर असे की बिघडलेले काहीच नसते. खोली आपले वाद्य वाजवत असते आणि आपण दोष खोक्याला देत असतो.

हा खोका लोकांच्या ओळखीचा झाला तो सिनेमागृहात. १९७४ साली हॉलिवूडचा ‘अर्थक्वेक’ हा चित्रपट आला, तेव्हा भूकंपाची थरथर प्रेक्षकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचावी म्हणून थिएटरांत प्रचंड आकाराचे खर्जाचे स्पीकर बसवले गेले. पुढे १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बीची डिजिटल पद्धत आली. खोक्यावर ‘५.१’ असे लिहिलेले असते, त्यातला तो ‘पॉइंट वन’ म्हणजे केवळ खालच्या आवाजांसाठी राखून ठेवलेली स्वतंत्र वाट. यथावकाश ही सगळी सामग्री आपल्या बैठकीच्या खोलीत आली. थिएटरचा खोका घरी आला, थिएटरची खोली काही आली नाही. सगळी अडचण इथे आहे.

आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट धावतो. टाळांचा किणकिणाट सेकंदाला काही हजार कंपनांचा असतो, त्यामुळे त्याची एकेक लाट काही इंचांत मावते. खर्जाचे तसे नाही. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार एक सप्तक खाली, म्हणजे ६९ कंपनांच्या आसपास बोलते. तिची एक लाट सोळा फुटांहून लांब. पन्नास कंपनांची लाट साडेबावीस फुटांची. आपली खोली दहा फुटांची! एवढी लांब लाट एवढ्याशा खोलीत कोंडली की ती दोन भिंतींमध्ये पुढेमागे हेलकावत राहते.

हे कसे होते ते पाहायचे असेल तर परातीत अर्धे पाणी घ्यावे आणि परात हलकेच डोलवावी. एका ठरावीक लयीत डोलवली की पाणी काठांवर उसळते आणि मध्यभागी जवळजवळ स्थिर राहते. खोलीतल्या हवेचे असेच आहे. तिचीही एक ठरलेली लय असते. त्या लयीचा आवाज भिंतींपाशी उसळतो, मधोमध बसणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. न्हाणीघरात गाणाऱ्यांना याचा अनुभव असतो. चार फूट रुंदीच्या न्हाणीघराची लय सुमारे १४१ कंपनांची येते, म्हणजे काळी एकच्या षड्जाच्या अगदी लगत. तिथे प्रत्येक गृहस्थाला आपण भीमसेन जोशी झाल्यासारखे वाटते, ते उगीच नव्हे. बँकेत असताना स्ट्राँगरूममध्ये शिरलो की मलाही हाच अनुभव यायचा. चारी बाजूंनी जाड काँक्रीट, वरही काँक्रीट. हेडकॅशियर साधे ‘हं’ म्हणाले तरी त्यांच्या ‘हं’मधला एखादाच सूर खोली उचलून धरायची.

आता दहा बाय दहाची खोली घ्या. दहा फुटांची लय सुमारे ५६ कंपनांची. लांबी दहा, रुंदी दहा आणि स्लॅबही दहा फुटांवर असेल, तर तिन्ही दिशांची लय एकच येते. एका झोक्याला तिघांनी एकाच वेळी धक्का द्यावा तसे होते. गाण्यात कुठेही ५६ च्या आसपासचा सूर आला की खोली घुमते आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे सूर दबून जातात. म्हणून लावणी लावा, अभंग लावा की सिनेमा लावा, खालचा आवाज एकाच सुरात धप्-धप् करतो. त्यापेक्षा दहा बाय बारा किंवा दहा बाय पंधराची खोली बरी. बारा फुटांची लय ४७, पंधरा फुटांची साधारण ३८. त्रास वाटला जातो, एकाच सुरावर साचत नाही.

माळवदाच्या घराचा गुण याच्या उलट. तिथे तक्तपोशी लाकडाची, चौकाकडचे दार सताड उघडे, कोपऱ्यात धान्याची पोती, भिंतीशी गाद्यांची चळत. खर्जाची लाट काही दारातून निघून जाते, काही लाकूड हलवण्यात खर्च होते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे १८९५ साली एक काम आले. एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्दच कळत नव्हते. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक मांडत गेला, घुमारा किती कमी होतो ते मोजत गेला आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवल्या. त्या गाद्यांतून वास्तुध्वनिशास्त्र उभे राहिले. मात्र गादी जाड हवी. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून किंवा पातळ सतरंजी टांगून खर्जावर काही परिणाम होत नाही. वीस फुटांच्या लाटेला ती सतरंजी दिसतसुद्धा नाही.

एवढी सगळी उठाठेव खालच्या चार सुरांसाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याला एक प्रसंग सांगतो. आमच्या गल्लीत भजनी मंडळातले एक पखवाजवादक राहत. आता ते नाहीत. एका सप्ताहात लाउडस्पीकरवाल्याने आपल्या मशीनमधून थेट वायर टेपरेकॉर्डरला जोडून काकड्याची एक कॅसेट भरून ठेवली होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने ती मोबाइलवर उतरवून आईला ऐकवली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “टाळ हाय, गळा हाय, पर ह्यांचा डावा हात कुठंय?”

त्यांचा प्रश्न अगदी शास्त्रीय होता. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक लावलेली असते, नाद तिथून येतो. मोबाइलच्या बोटभर स्पीकरला तो नाद काढताच येत नाही. आपला मेंदू वरच्या सुरांवरून खालच्या सुराचा अंदाज बांधतो, म्हणून कामापुरते भागते. टेलिफोनवर पूर्वीपासून ३०० च्या खालची कंपने जवळजवळ येतच नसत आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर तर त्याच्याही खाली असतो. तरी आपण वडिलांचा आवाज फोनवर ओळखतच होतो. पण ओळखणे वेगळे आणि समोर असणे वेगळे. जिने ते वाजवणे चाळीस वर्षे शेजारच्या खोलीतून ऐकले, तिला अंदाजावर कसे भागवता येईल?

मुलाने दिवाळीत सबवूफरचा सेट आणला, खोका कोपऱ्यात ढकलला आणि बटण सातावर नेले. आता डावा हात आला, पण नुसताच धपधपत आला. थाप आणि घुमक यांत फरक कळेना. शिवाय ती भिंत समाईक. पलीकडे शेजारच्या आजींची खाट त्याच भिंतीला लागून. मांडणीवरची भांडी थरथरू लागली, तेव्हा आजींच्या सुनेने येऊन सांगितले, “दादा, आवाज कमी करा हो, आत्याबाई रात्रभर बसून आहेत.” मुलगा माझ्याकडे आला. “काका, बेस तर फुल्ल आहे. तरी आई म्हणते हे बाबांचं वाजवणं नाही, आणि शेजारी म्हणतात आवाज मोठा आहे. करू तरी काय?”

यावर एक जुना आणि फुकटचा उपाय आहे. खोका जिथे ठेवायचा तिथे न ठेवता आपण जिथे बसून ऐकतो त्या खुर्चीवर ठेवायचा. संथ लयीतले, खालचे सूर वरखाली होत राहतील असे काहीतरी लावायचे. मग खोलीच्या कडेकडेने लहान मुलासारखे रांगायचे, कान जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर ठेवून. काही ठिकाणी आवाज घुमतो, काही ठिकाणी गायब होतो. जिथे सगळे सूर सारख्या तोलाचे आणि सुटे सुटे ऐकू येतील तिथे खूण करायची. खोका तिथे आणि आपण खुर्चीवर. हे विनोदी दिसते, पण यामागे पक्के तत्त्व आहे. आवाज करणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधला मार्ग तोच राहतो. लॉर्ड रेले या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १८७७-७८ मधल्या ‘थिअरी ऑफ साउंड’ या ग्रंथात या तत्त्वाचे विवेचन आहे.

तर मुलगा रांगला. आई पदराआड हसत होत्या. जागा सापडली ती समाईक भिंतीच्या समोरच्या भिंतीलगत, साधारण मध्यावर. परातीच्या न्यायाने ते बरोबरच होते. भिंतीच्या मध्यावर ठेवलेला खोका त्या भिंतीच्या लांबीची लय फारशी उठवू शकत नाही. आईंची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती, ती तीन फूट पुढे घेतली. कोपऱ्याचा घुमारा गेल्यावर बटण सातावर ठेवण्याचे कारणच उरले नाही. ते चारावर आले. कॅसेट लावली. आईंनी बराच वेळ ऐकले आणि म्हणाल्या, “हां. आता बोलतोय.” भांडी थरथरणे थांबले होते.

यातून चार व्यवहाराच्या गोष्टी निघतात. कोपऱ्यात खोका सर्वांत मोठा वाजतो, पण सर्वांत वाईट घुमतो. तेव्हा तिथे शेवटी जावे. आपली बैठक खोलीच्या अगदी मधोमध नको आणि भिंतीला टेकूनही नको. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर चांगली. सुमारे ८० कंपनांखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीटसे कळत नाही, त्यामुळे खोका टीव्हीखालीच हवा असे काही नाही. खोक्याच्या पाठीमागे ‘फेज’ नावाची कळ असते, ती दोन्हीकडे करून पाहावी आणि आवाज जिथे भरीव वाटेल तिथे सोडून द्यावी. आणि पैसे खर्चायचेच असतील तर एका मोठ्या खोक्याऐवजी दोन लहान घेऊन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत. अमेरिकेतल्या हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली हा प्रश्न पद्धतशीर तपासला, तेव्हा अशी जोडी एकट्यापेक्षा खोलीभर जास्त सारखा आवाज देते असे दिसले.

राहिला शेजारी. तो मला आवाजाइतकाच महत्त्वाचा वाटतो. भिंत सगळे सूर सारखे अडवत नाही. ठोकताळा असा की सूर एक सप्तक खाली उतरला की भिंतीची अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून तुमच्या घरात अभंग वाजत असताना पलीकडे शब्द पोहोचत नाहीत, गळा पोहोचत नाही, टाळही पोहोचत नाहीत. पोहोचते ती फक्त धपधप. गाणे तुमचे आणि धपधप शेजाऱ्याची, अशी ही वाटणी आहे. आजी म्हाताऱ्या आहेत, त्यांना कुठे ऐकू येते, असे म्हणण्यातही अर्थ नाही. वयोमानाने कान जातात ते आधी वरच्या सुरांचे. आजींना सुनेचे बोलणे ऐकू येत नाही, पण समाईक भिंतीतून येणारा ठोका मात्र बरोबर ऐकू येतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी यंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. पण हे मोजायचे माप कानाच्या सवयीप्रमाणे खालच्या सुरांना सूट देते. पन्नास कंपनांच्या आवाजातून ते सुमारे ३० डेसिबल वजा करून टाकते. म्हणजे मीटरवरचा आकडा नियमात बसतो आणि शेजाऱ्याची खाट मात्र हलते. खात्यावर सगळ्या नोंदी बरोबर असूनही व्यवहार खोटा असू शकतो, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. इथे मीटरपेक्षा शेजारी बरा. एकदा आपले गाणे लावून शेजारच्या घरात जाऊन बसावे. चहा मिळतो आणि आपला आवाज पलीकडे कसा पोहोचतो तेही समजते.

काही जण म्हणतील की आवाज लहान केला की खर्जच नाहीसा होतो. तक्रार खरी आहे. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज हळू झाला की आपला कान खालच्या सुरांना आधी मुकतो. जुन्या टेपरेकॉर्डरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असायचे ते एवढ्यासाठीच. पण त्यावरचा उपाय सगळाच आवाज चढवणे हा नाही. रात्री हळू ऐकताना खुर्ची दोन हात पुढे घ्यावी, वूफरची कळ किंचित वाढवावी आणि खोका समाईक भिंतीपासून लांब आहे ना, ते पाहावे. पलंगावर किंवा कपाटावर तर तो कधीच ठेवू नये; आवाजापेक्षा कपाटच जास्त वाजते. खाली रबराचे जाड तुकडे द्यावेत. त्याने फरशीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारी होत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

आपल्या लोकांना ही नजर नवी नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहून जगाला सांगितले की इतर चर्मवाद्यांचा आवाज बेसूर पसरतो, पण भारतीय मृदंग-तबल्याचे कातडे त्यावरच्या लेपामुळे सुरेल, मेळातले उपस्वर देते. हे रामनही १९१७ पर्यंत सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी होते, हे मी जाता जाता अभिमानाने नमूद करतो! पण रामन यांच्या कितीतरी आधीपासून पखवाजवादक भजनाला बसण्यापूर्वी हे काम हाताने करत आले आहेत. ते कणकेचा गोळा भिजवतात, डाव्या तोंडावर चिकटवतात, एक थाप देऊन ऐकतात. सूर चढा वाटला तर चिमूटभर कणीक वाढवतात, उतरला तर काढतात. मंडळी खोळंबलेली असतात, वीणेकरी उभा असतो, तरी कोणी घाई करत नाही. डावी बाजू नीट लागल्याशिवाय भजन उभे राहायचे नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते.

आपल्या खोक्यासाठी तेवढाच वेळ पुरतो. रविवारची दुपार आहे, घरातली मंडळी घरात आहेत. थोडे रांगावे लागेल, पोरे हसतील, हसू द्यावीत. खोका योग्य जागी बसल्याची खूण सोपी आहे. तो चालू असताना कोणाचेही त्याच्याकडे लक्ष जात नाही आणि बंद केला की घरातले सगळे एकदम विचारतात, ‘काय गेलं?’